खंड त्र्याहत्तर, पान नऊ

धाकट्यानं वकील केला नाही. वकिलाला जे कळतं ते आपल्याला आधीपासूनच कळतं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ही खात्री त्याच्या अंगात जन्मापासूनची. लहानपणी ताप आला की तो डॉक्टरला औषध सुचवायचा. शाळेत गणित चुकलं की पुस्तकातलं उत्तरच चुकीचं छापलंय म्हणून गुरुजींशी वाद घालायचा. पुढं पाच नोकऱ्या धरल्या आणि पाचही ठिकाणी साहेबालाच अक्कल नाही असं त्याला आढळून आलं. इतकी वर्षं जग चुकतच राहिलं, आणि हा बिचारा एकटाच बरोबर.

"वकील म्हणजे काय गं, ताई?" दावा लावायच्या आधी तो खाली बाइंडिंगच्या खोलीत आला होता आणि पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर कोपर टेकून उभा होता. "पुस्तकं वाचणारा माणूस. आणि पुस्तकांच्या घरात जन्माला कोण आलं? मी."

"मीपण त्याच घरात जन्मले," ताई म्हणाली. "कोपर काढ. खळ ओली आहे."

जन्माला आला होता हे खरं. पण सुताराच्या घरात जन्मला म्हणून उंदीर काही सुतार होत नाही. वडील चाळीस वर्षं न्यायालयाच्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधत होते. निवाड्यांचे जाडजूड खंड सुटे होऊन यायचे, शिवून, पुठ्ठा चढवून, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवून परत जायचे. त्या खंडांवर बसून धाकटा जेवला, त्यांच्या आडोशाला लपंडाव खेळला, परीक्षेच्या दिवसांत त्यांच्यावर डोकं ठेवून झोपला. उघडून मात्र एकही पाहिला नाही. आणि आता तो म्हणत होता, कायदा माझ्या रक्तात आहे.

घर दोन मजली. खाली ती एक लांबट खोली, तिच्यात शिकंजा, कटिंग मशीन, दोऱ्याची रिळं, भिंतभर फळ्या. वर राहायच्या दोन खोल्या. ताई बावन्न वर्षांची. दहाव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून शिवायला शिकली ती तिथून उठलीच नाही. लग्न झालं नाही, म्हणजे आधी राहून गेलं आणि मग विषय संपला. धाकटा विसाव्या वर्षी बाहेर पडला होता. वडील गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. ताईनं तेराव्या-चौदाव्या दिवशीच सांगून टाकलं, "वरचं तू घे, खालचं मी घेते. मला माझी खोली पुरे." धाकटा बरं म्हणाला. चार दिवस बरं म्हणत राहिला. पाचव्या दिवशी त्याला दलाल भेटला.

दलालाला अख्खी इमारत हवी होती आणि ती रिकामी हवी होती. खाली एक बाई शिकंजा घेऊन बसलेली असेल तर ते घर त्याच्या दृष्टीनं दात दुखणाऱ्या घोड्यासारखं, कोणी घेईना. मग धाकट्याला एकाएकी आठवलं, की ताईचा या घरात हिस्साच नाही.

दाव्याची प्रत आली ती भावजयीच्या सुवाच्य अक्षरात. नवरा सांगे, बायको लिही, असं ते जोडीनं महिनाभर चाललं होतं. बावीस पानं. त्यातली वीस धाकट्याच्या बुद्धीची तारीफ. उरलेल्या दोन पानांत एक दाखला होता, आणि तो वाचताना ताईच्या हातातली दाभण खाली पडली.

"जे अपत्य आईवडिलांच्या घरात राहून त्यांच्याच धंद्यात राबले, त्याचा वारसा त्याच्या राहण्याजेवणातच फिटला असे मानावे. अशा अपत्यास वेगळा हिस्सा नाही. निवाडे, खंड त्र्याहत्तर, पान नऊ."

तिनं तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे खोटं आहे. दुसऱ्यांदा वाटलं, खरं असेल. तिसऱ्यांदा वाटलं, खरंच आहे, मी जेवलेच की चाळीस वर्षं इथं. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा भयंकर राग आला. ही खोली गेली तर शिकंजा ठेवायचा कुठं, आणि शिकंजा नसेल तर आपण कोण, एवढे दोनच प्रश्न तिला पडले.

तिनंही वकील केला नाही. तिची कारणं वेगळी होती. भावाच्या विरुद्ध बोलायला परक्या माणसाला नेमायचं, हे तिला कसंसंच वाटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कैफियत तिनं एका पानात लिहिली: मी इथं राहते, इथं काम करते, मला खालची खोली हवी, वरच्या त्याला द्याव्यात. दाखला काही नाही.

पहिल्या तारखेला धाकटा नवा कोट घालून आला. मागून भावजय फायली घेऊन आली, प्रत्येक फाईलला रंगीत चिठ्ठ्या. दालनात शिरताच तिनं ताईला वाकून नमस्कार केला. "ताई, मनात काही ठेवू नका हं. हे सगळं कायद्याचं आहे." जणू कायदा हा पाऊस होता, आणि तो आपोआप ताईच्याच डोक्यावर पडत होता.

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. धाकट्याचं भाषण त्यांनी दहा मिनिटं ऐकलं. त्या दहा मिनिटांत त्यानं सात वेळा 'प्रस्थापित तत्त्व' असं म्हटलं आणि एकदा चुकून त्यांनाच "तुमच्या लक्षात येत नाहीये" असं सुनावलं. मग बाईंनी ग्रंथालयातून खंड त्र्याहत्तर मागवला. ग्रंथपाल स्वतः घेऊन आले, सडपातळ, इस्त्रीचा सदरा, पुस्तक दोन्ही हातांवर धरलेलं. बाईंनी पान नऊ उघडलं.

"इथं दोन शेजाऱ्यांचं गटारावरून भांडण आहे," त्या म्हणाल्या. "अपत्य, वारसा, राहणंजेवण, काहीच नाही."

दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. धाकट्यानं फाईलमधून त्या पानाची झेरॉक्स काढली आणि फडकवली. "मॅडम, हे बघा छापील! मूळ खंडातून काढलेलं. माझ्या परिचितांच्या कार्यालयात अख्खी मालिका आहे, काचेच्या कपाटात. आणि तुमच्या ग्रंथालयाच्या खंडात हे पान का नाही, तेही सांगतो. तो खंड कोणी बांधला? विचारा. या बाईंनी! प्रतिवादी स्वतः बाइंडर आहे. स्वतःच्या विरुद्ध जाणारं पान तिनं काढून टाकलं असेल, दुसरं घातलं असेल. तिला काय अवघड आहे?"

ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोराच्या उलट्या बोंबा तिनं ऐकल्या होत्या, पण सख्ख्या भावाच्या तोंडून आणि भर न्यायालयात ऐकायची ही पहिलीच वेळ.

बोलले ते ग्रंथपाल. कोणी विचारलं नव्हतं तरी बोलले. "मॅडम, या घरची पुस्तकं आम्ही कधीच मोजून घेत नाही. यांच्या वडिलांच्या वेळेपासून नाही. तशी गरजच पडलेली नाही."

ते ऐकून ताईला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडा वेळ.

"मूळ ग्रंथ हजर करा," न्यायाधीश बाई धाकट्याला म्हणाल्या. "झेरॉक्स नको. आणि ही प्रत त्यांना द्या."

ती प्रत घेऊन ताई घरी आली, दिवसाउजेडी खिडकीजवळ बसली, आणि चष्मा चढवून बघू लागली. ती मजकूर वाचत नव्हती. मजकूर तिला पाठ झाला होता. ती पान बघत होती. ओळी किंचित तिरक्या, उजवीकडे उतरत गेलेल्या. आतल्या कडेला झेरॉक्समध्ये काळे ठिपके उमटले होते, शिलाईच्या भोकांचे. तिनं ते मोजले. तीन.

वडील पाच भोकं पाडायचे. तीसुद्धा पाच पाडायची. तीन भोकं तिनं आयुष्यात एकाच कामाला पाडली होती.

तिनं ठिपके पुन्हा मोजले. तीनच.

वडील अंथरुणाला खिळले होते त्या वर्षातली गोष्ट. खरी बांधणी एकटीनं करायची तिला तेव्हा सवय नव्हती. एकानं घडी घातलेल्या पानांचे फर्मे धरायचे, दुसऱ्यानं ओढून शिवायचं. वडील वर पडून, ती खाली एकटी, आणि दर अर्ध्या तासाला वर पळायचं. त्या दिवसांत दलाल आला होता. होय, हाच. त्याला नव्या कार्यालयासाठी काचेचं कपाट भरून निवाड्यांचे खंड हवे होते. "खरे नकोत हो," तो हसत म्हणाला होता. "पाठ खरी दिसली की झालं. आत काय वाट्टेल ते घाला. गिऱ्हाईक कपाटाकडं बघतं, आत कोण डोकावतंय?" बडा घर पोकळ वासा म्हणतात, पण ह्या गृहस्थानं वासा पोकळच मागवला होता.

वडिलांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. ताईनं काम घेतलं. सोपं होतं, एका हाताचं होतं, वर-खाली करता करता होत होतं. आत तिनं खोलीतली रद्दी भरली. जुनी दूरध्वनीची यादी, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, बियाण्यांचे तक्ते. आणि विधी महाविद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेचे, छपाई तिरकी झाली म्हणून नाकारलेले, एकाच बाजूला छापलेले कागद. त्या स्पर्धेत विद्यार्थी खोटा खटला लढवतात, आणि त्यांना झुंजायला काहीतरी अन्याय्य हवं म्हणून खोटे निवाडे मुद्दाम रचले जातात. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ होती: केवळ सरावासाठी, खरा निवाडा नव्हे. सगळे कागद एका मापाचे व्हावेत म्हणून ताईनं गठ्ठा कटिंग मशीनखाली सरकवला, आणि ती ओळ स्वतःच्या हातानं कापून टाकली.

वडिलांची एक शिस्त होती. बांधून झालं की पानं दोनदा मोजायची, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, पेन्सिलीनं आकडा घालून खाली सही करायची. मोजल्याशिवाय पुस्तक दाराबाहेर नाही. त्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून त्यांनी वरून हाक मारली होती, "काय बांधतेस गं?"

"निवाडे," ती खालून म्हणाली.

"पानं मोजलीस?"

"मोजली."

मोजण्यासारखं तिथं काही नव्हतं. त्या उत्तराला आता तीन वर्षं होत आली होती, आणि ते तिच्या घशात अजून हाडासारखं होतं.

तर असा हा दाखला. धाकटा दलालाच्या कार्यालयात बसला असेल, दलाल फोनवर गुंतला असेल, आणि याला वाटलं असेल, आपणही जाणते दिसावं. कपाट उघडून एक खंड काढला, आणि आंधळ्याच्या हाती नेमकं ते पान लागलं. बायकोनं लगेच झेरॉक्स काढून आणली. पुढचं पान उलटून बघावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? हवं ते मिळाल्यावर वाचन थांबवायचं, ही तर धाकट्याची विद्या.

ताईला हसू यायला हवं होतं. पण तिला दिसत होतं पुढचं. गप्प बसलं तर धाकटा म्हणतच राहणार, की ग्रंथालयातला खंड खोटा, बाइंडरनं फिरवलेला. बोललं तर ग्रंथपालांच्या समोर सांगावं लागणार, की पोकळ पुस्तकं करणारी मीच. न्यायालयाचं ग्रंथालय हे तिचं बहुतेक सगळं काम. खोली वाचवायची तर नाव घालवायचं, नाव वाचवायचं तर खोली. असा तिढा तिनं स्वतःच्याच दोऱ्यानं घातला होता, आणि त्याबद्दल धाकट्याला शिव्या देऊन उपयोग नव्हता. तरी तिनं थोड्या दिल्या.

दुसऱ्या तारखेला धाकटा खंड घेऊन आला तो मखमलीच्या कापडात गुंडाळून. भावजयीनं कापड सोडलं. दालनातल्या सगळ्यांनी बघितलं: तपकिरी पाठ, सोनेरी अक्षरं, खंड त्र्याहत्तर. देखणा होता. ताईच्या मनात नको असताना आलं, की अक्षरं छान उठली आहेत.

"पान नऊ," धाकटा म्हणाला, आणि खणखणीत आवाजात दाखला वाचला. वाचून झाल्यावर त्यानं ताईकडं पाहिलं. लहानपणी तिच्या ताटातलं शेवटचं काही पळवल्यावर पाहायचा तसंच.

"पुढं वाचा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"पुढं मॅडम तपशील असेल. तत्त्व एवढंच आहे."

"तपशीलच हवाय मला. पान उलटा."

त्यानं पान उलटलं. खणखणीत आवाज लावलेलाच होता, तो तसाच पुढं निघाला. "शीतकपाटातून पाणी गळत असल्यास प्रथम मागील नळी... नळी तपासावी. नळीत बुरशी साचली असल्यास कोमट..." तो थांबला.

"कोमट काय?" बाईंनी विचारलं.

"पाणी, मॅडम."

"हं. आणि पान कितवं ते?"

"दोनशे चौदा."

"नऊनंतर दोनशे चौदा. पुढं?"

पुढं कांद्याच्या बियाण्याचा तक्ता होता. त्याच्यापुढं कुठल्याशा शहरातले 'क' अक्षरानं सुरू होणारे सगळे दूरध्वनी. मागच्या बाकावर एक वकील खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. भावजय रंगीत चिठ्ठ्या एकेक करून उपटायला लागली, जणू त्याच चुकल्या होत्या.

एवढ्यानं कोणाचंही समाधान झालं असतं. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. दोन क्षणांत धाकट्याला पुन्हा कंठ फुटला. "मॅडम, हेच तर मी म्हणत होतो! बाइंडर लोक पानं घालतात, काढतात, हे यावरून सिद्धच झालं. मग ग्रंथालयातला खंड तरी खरा कशावरून? तोही यांच्याच घरातून आलाय. माझा दाखला तिथंच होता आणि काढला गेला. उलट माझा मुद्दा बळकट झाला!"

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "हा खंड बांधला कोणी, ठाऊक आहे?" त्यांनी दालनाला विचारलं. मग ग्रंथपालांकडं पाहिलं. ग्रंथपालांचा चेहरा उतरला होता. "असली पुस्तकं गावात होत असतील," ते हळूच म्हणाले, "तर आम्हाला सगळ्याच फळ्या तपासाव्या लागतील, मॅडम."

ताई उभी राहिली. तिनं समोरच्या टेबलाची कड धरली.

"तो मी बांधलाय," ती म्हणाली.

"काय?" हा धाकटा.

"तो खंड. आणि त्या कपाटातले सगळे. दलालाला शोभेसाठी हवे होते, मी करून दिले. आत रद्दी आहे. पान नऊ हे महाविद्यालयाच्या स्पर्धेतलं आहे, पोरांनी रचलेलं. खाली लिहिलेलं होतं, की हे खरं नाही. ते मी कापलं."

"बघा!" धाकटा ओरडला. "स्वतःच्या तोंडानं कबूल! ही बाई खोटी पुस्तकं करते!"

"हो, करते," न्यायाधीश बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यातलं एक पान वाचून मला कायदा शिकवता. बसा खाली." मग ताईला: "मग ग्रंथालयाचा खंड खरा कशावरून धरू मी? तुम्हीच सांगा."

"दोन्ही शेजारी ठेवा," ताई म्हणाली. "मधली शिलाई बघा. ग्रंथालयाच्या खंडाला पाच भोकं आहेत, याला तीन. आणि शेवटचा पुठ्ठा उघडा. आत कोपऱ्यात."

ग्रंथपालांनी आणलेला खंड बाईंनी मागच्या बाजूनं उघडला. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती. पाचशे अठ्ठ्याऐंशी. खाली वडिलांची आखूड सही.

"बाबा प्रत्येक पुस्तक दोनदा मोजायचे. मोजा तुम्ही. एक पान कमी भरलं तर खोली त्याला देऊन टाका."

न्यायालयाच्या कारकुनानं मोजलं. त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ धाकट्यालाही गप्प बसावं लागलं. तेवढी शिक्षासुद्धा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाली असावी. पाचशे अठ्ठ्याऐंशी भरली. मग बाईंनी मखमलीवरचा खंड मागून उघडला. कोपरा कोरा.

"इथं आकडा का नाही?"

"मोजली नव्हती."

"वडिलांना ठाऊक होतं, तुम्ही हे काम घेतलंय?"

"नाही," ताई म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, पानं मोजलीस का म्हणून. मी मोजली म्हणाले." इथं तिला रडू येऊ लागलं. पण तिनं रडणं आवरलं, कारण धाकटा बघत होता.

ती ग्रंथपालांकडं पाहणार नव्हती, तरी पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

निकाल महिन्याभरानं लागला. दोघांचा सारखा हिस्सा; खालची खोली सामानासकट बहिणीला, वरचं भावाला. म्हणजे ताईनं जे दोन वाक्यांत तोंडी दिलं होतं, तेच चौदा महिन्यांनी शिक्क्यासकट परत आलं. धाकट्याला समज मिळाली, की पुन्हा असला दाखला आणलात तर दंड होईल. आणि ताईसाठी एक ओळ होती: सदर बनावट खंड प्रतिवादीनेच तयार केल्याचे तिने कबूल केले आहे. खरी होती, त्यामुळं तिच्यावर बोलायला जागा नव्हती.

दलालाला अर्धं घर नको होतं. तो दुसरीकडं गेला, कपाटासकट. धाकटा बायकोसह वरच्या मजल्यावर राहायला आला, आणि दिवसभर येरझारा घालत अपिलाचा मजकूर सांगू लागला. तक्तपोशीतून सगळं ऐकू यायचं. "लिही. पुस्तक खोटं निघालं, तरी तत्त्व खोटं ठरत नाही." भावजय लिहून घेत होती.

निकालातल्या ताईबद्दलच्या त्या ओळीचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. पहिल्याच आठवड्यात तिघंजण खोलीच्या दारात आले. एक दंतवैद्य, एक विमा एजंट, एक स्वतःला सल्लागार म्हणवणारा. "न्यायालयालासुद्धा क्षणभर खरी वाटली, ती पुस्तकं करणाऱ्या तुम्हीच ना?" सल्लागारानं कौतुकानं विचारलं. "मला दोन कपाटं हवीत." लोकांना लाज विकत घ्यायची असते आणि वर पाठ सोनेरी हवी असते. ताईनं तिघांनाही दार दाखवलं.

ग्रंथालयाकडून मात्र कोणी आलं नाही. फळीवर त्यांचे चार खंड दुरुस्त होऊन पडले होते. एरवी दुसऱ्याच दिवशी माणूस यायचा, उचलून न्यायचा. तीन आठवडे झाले. ताई रोज त्यांच्यावरची धूळ पुसायची. खोली तिची होती, शिकंजा तिचा होता, आणि शिकंज्यात घालायला काही नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, सकाळी, ग्रंथपाल स्वतः आले. बसा म्हटल्यावर बसले नाहीत. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"ताई, नवा नियम झालाय," ते म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते. "इथून पुढं प्रत्येक खंड मोजून घ्यायचा. देणाऱ्याच्या समोर. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाला पाठवण्यापेक्षा आपणच जावं."

"बरोबर आहे," ताई म्हणाली.

तिनं वडिलांचं स्टूल ओढून दिलं. ग्रंथपालांनी पहिला खंड मांडीवर घेतला, अंगठा ओला केला आणि मोजायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत या खोलीत बाहेरच्या माणसानं पान मोजलं नव्हतं. त्यांना सवय नव्हती. दोनदा चुकले, दोनदा मागं आले, आणि दोन्ही वेळा लाजले. वर धाकटा प्रस्थापित तत्त्वावर येऊन अडकला होता. ताई समोर उभी राहून ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर मोजत होती.

"चारशे शहाण्णव," ग्रंथपाल शेवटी म्हणाले. त्यांनी मागचा पुठ्ठा उघडून पेन्सिलीतला आकडा पाहिला, त्याखालची तिची सही पाहिली, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरोबर आहे, ताई. जुळलं."

त्यांनी खंड मिटला आणि दुसऱ्याकडं हात नेला. ताईनं तो पहिलाच उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अजून एकदा मोजा," ती म्हणाली. "बाबा दोनदा मोजायचे."